मानोआ मागत नाही

आमच्या नाइवी गावात एकाच घराला दार नाही. चौकट आहे, चौकटीला बिजागऱ्यांची भोकंही आहेत, पण दार काही नाही. ते घर सेनीमिलीचं. दुसऱ्या बेटावरून कुणी पाहुणा आला की लोक त्याला हौसेने तिकडे नेतात आणि सांगतात, ही आमची सेनीमिली, हिच्याकडे कुणीही कधीही यावं, हिच्या घराला दारच नाही.

त्यात खोटं काही नाही. मधुमेहाने पाय सडलेल्या म्हाताऱ्यांच्या जखमा ती धुते. वासाने घरच्या सुना नाक दाबून बाहेर पळतात, ही मात्र मांडी घालून बसते आणि गरम पाण्यात फडकं पिळत गप्पा मारते. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बायका तिच्या चटईवर झोपतात. तिचा नवरा अपेनीसा होडीवाला. दवाखाना एवढा एक शब्द कानावर पडला की होडी पाण्यात. कुणाचं कोण, कशाने आजारी, हे मागाहून विचारायचं. चर्चच्या महिला मंडळाची ती पंचवीस वर्षं प्रमुख आहे. बुधवारच्या प्रार्थनेत गावातल्या सगळ्या दुखणेकऱ्यांची आणि गेलेल्यांची नावं ती एका दमात घेते, कागद न बघता. एक नाव मात्र तिच्या तोंडून कधीच बाहेर पडलं नाही. वासिती.

कुणी कौतुक केलं की सेनीमिलीचा चेहरा उतरतो. लोक म्हणतात, किती विनय! विनय कसला डोंबलाचा. अठरा वर्षं ती एकाच माणसाच्या तोंडाकडे बघत होती आणि तो माणूस तिच्याकडे काही मागत नव्हता.

आता मागण्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. आमच्याकडे मागायला आलेला माणूस आधी बसतो. दारापाशी, चटईच्या कडेला, मान खाली घालून. वाऱ्याचं बोलतो, मासळीचं बोलतो, मग मागतो. बाहेर उभं राहून ओरडून मागायचं नसतं, त्यात दोन्ही घरांची शोभा होते. आणि नात्यातल्या माणसाने एकदा बसून मागितलं की नाही म्हणायची सोय नाही. कुऱ्हाड असो, कोंबडी असो, नाहीतर अंगावरचा नवा सदरा असो, द्यायचं. पण शेवटी माणसंच आम्ही, कधीकधी द्यायचं जिवावर येतं. मग आम्ही लपतो. अंगणात पाऊल वाजलं की रॉकेलचा डबा चटईखाली सरकतो आणि मालकीणबाई मागच्या बाजूने परसात पसार होतात. भरदिवसा दार लावलेलं दिसलं की घरात कुणी नाही असं समजून माणूस परत फिरतो. सगळेच लपतात, सगळ्यांना ते ठाऊक असतं, आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. पाद्रीसुद्धा लपतो, मी स्वतः पाहिलंय.

मागण्यात सेनीमिलीच्या मामेभावाचा, मानोआचा, हात धरणारा कुणी नव्हता. आमच्यात आते-मामेभावंडांनी एकमेकांची टर उडवायची असते, तो ते कर्तव्य मन लावून करायचा.

"मिली, तुझी चूल पेटली की माझे पाय आपोआप इकडे वळतात बघ," तो दारात बसत म्हणायचा.

"मग पाय बांधून ठेव घरी."

"बांधायला दोरी कुठाय? दोरीच न्यायला आलोय."

आणि खरंच दोरी घेऊन जायचा. सकाळी चहापूड, दुपारी सुईदोरा, संध्याकाळी मूठभर मीठ. त्याची बायको वासिती लाजून अर्धी व्हायची आणि दोन दिवसांनी स्वतः विणलेली टोपली आणून द्यायची. नऊ वर्षं त्यांना मूल नव्हतं. दहाव्या वर्षी वासितीला दिवस राहिले, तेव्हा मानोआ आनंदाच्या भरात त्या आठवड्यात कुणाकडे काही मागायलाच विसरला.

पुढे काही महिन्यांनी तो शनिवार आला. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बाहेरगावचे पाहुणे येणार होते. महिला मंडळाने घरोघरचा मैदा आणि तेल गोळा करून सेनीमिलीच्या घरी ठेवलं होतं, पाव करायला. तिने स्टोव्हवर किटली चढवली होती. अपेनीसा मागे कंदांच्या वाडीत होता, हाकेच्या अंतरावर. गावातली एकुलती इंजिनाची होडी समोर वाळूवर, इंधन भरून तयार. तेवढ्यात तिला फणसाच्या झाडाखालून मानोआ येताना दिसला, झपाझप.

सकाळीच तो चहापूड घेऊन गेला होता. सेनीमिलीच्या मनात आलं, आला मेला! आता याने मैदा पाहिला की संपलंच. नाही कसं म्हणू, आणि उद्या पाहुण्यांपुढे काय ठेवू? तिने दार ओढून घेतलं, कडी सरकवली आणि मच्छरदाणीत शिरून तोंडावरून चादर घेतली.

"मिली!" बाहेरून हाक आली. "ए मिली!"

ती श्वास धरून पडून राहिली. स्टोव्हवरची किटली उकळायला लागली, झाकण खडखडायला लागलं. उठून ती उतरवायची म्हणजे चाहूल लागणार.

"मिली, अगं..." मानोआ एवढंच म्हणाला आणि थांबला. मग पावलं लांब गेली, धावत.

आवाज नेहमीचा नव्हता. हे तिला चादरीखाली असतानाच कळलं होतं. पुढे ही गोष्ट तिने स्वतःशी हजारदा नाकारली आणि हजारदा कबूल केली. आवाज नेहमीचा नव्हता, तरी ती उठली नाही. मैदा वाचला म्हणून तिला बरंसुद्धा वाटलं.

वासितीला दुपारपासून रक्त जात होतं. पाचवा महिना. मानोआ टेकडी ओलांडून पलीकडच्या गावात धावत गेला, तिथून होडी घेऊन यायला त्याला दोन तास लागले. दवाखान्याचा धक्का समोर दिसत असताना वासितीने त्याच्या मांडीवर प्राण सोडला. संध्याकाळी मयत कळवणारा चर्चचा लाकडी ढोल वाजला तेव्हा सेनीमिली पावांना वरून दूध लावत होती. तेच पाव दुसऱ्या दिवशी वासितीच्या मयताला आलेल्या लोकांनी खाल्ले. चांगले झालेत गं, असं दोघीतिघींनी तिला सांगितलंही.

अपेनीसाच्या होडीचं कुणीतरी विचारलं, तेव्हा मानोआ म्हणाला, "त्यांच्या घरी कुणी नव्हतं." सेनीमिली चार हातांवर बसली होती. तिने मान वर केली नाही. त्याला खरंच तसं वाटलं, की तो तिला सांभाळून घेत होता, हे तिला कळेना. आणि विचारायचं कुठल्या तोंडाने?

महिना दीड महिना झाला तशी तिने नवऱ्यामागे भुणभुण लावली, दार काढा.

"कोंबड्या येतील घरात," अपेनीसा म्हणाला.

"येऊ देत."

"कुत्री येतील."

"येऊ देत म्हटलं ना!"

"तुझं डोकं फिरलंय."

"फिरलंय तर फिरलंय. काढा."

त्याने दार काढलं आणि डुकरांच्या गोठ्याला लावलं. गावाने त्याचा पवित्र अर्थ लावला. आणि सेनीमिली द्यायला लागली. जो येईल त्याला, जे मागेल ते. चटया गेल्या, भांडी गेली, तिच्या लग्नातला कापडाचा ताकाही गेला. रात्री-अपरात्री दुखणेकऱ्यांच्या उशाशी बसली. एका क्षयाच्या म्हातारीला तिने वर्षभर घरात ठेवून घेतलं. नाही हा शब्द तिच्या घरातून हद्दपार झाला. सगळे आले. मानोआ आला नाही.

तो मागायचं थांबला नव्हता. शेजारच्या लोआताकडे रॉकेल मागायचा, पाद्रीकडे चहापूड मागायचा, लहान पोरांकडे चिंगूळ मासे मागायचा. सेनीमिलीच्या घरावरून जाताना हात हलवायचा, "काय मिली, बरी आहेस ना?" आणि पुढे जायचा. तिने मासे पाठवले तर ते घ्यायचा, रीतीप्रमाणे टाळी वाजवून आभार मानायचा, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच भांड्यात खेकडे घालून परत पाठवायचा. बाहेरच्याला हा चांगुलपणा वाटेल. आमच्यात ज्याच्याकडे मागावंसं वाटत नाही तो परका. अठरा वर्षं त्याने तिला असं सभ्यपणे परकं करून ठेवलं होतं.

मागच्या वर्षी मानोआचाही पाय मधुमेहाने धरला. अंगठा कापावा लागला. नर्सबाईने सगळ्यांसमोर सुनावलं, "मानोआ, गोड बंद. पुढच्या वेळी अंगठ्यावर भागणार नाही, घोट्यापासून जाईल." सेनीमिली गरम पाणी आणि फडकी घेऊन त्याच्या घरी गेली. गावातल्या अर्ध्या पायांना तिचा हात लागला होता.

"राहू दे मिली, तुला कामं खूप असतात," तो हसून म्हणाला, आणि शेजारच्या लोआताला हाक मारली, "लोआता, जरा पाणी तापव गं!"

सेनीमिली तापलेलं पाणी तसंच घेऊन परत आली.

याच सुमारास नव्या पाद्रीने ठरवलं की चर्चच्या वाढदिवशी सेनीमिलीला सगळ्यांसमोर फुलांचा हार घालायचा. दुःखितांची सेवा यावर उपदेश, आणि उपदेशाच्या शेवटी हार. पाद्री तिशीचा, उत्साही. सेनीमिली त्याच्याकडे गेली.

"साहेब, हार नको. मी त्या लायकीची नाही."

"अगदी असंच बोलतात, मावशी! जे लायक असतात ते असंच बोलतात."

"तसं नाही हो. मी एकदा..."

"थांबा थांबा, मला हे वाक्य लिहून घेऊ द्या." आणि खरोखरच वही काढून तो लिहायला लागला. सेनीमिली उठली.

आमच्याकडे मोठ्या अपराधाची माफी मागायची एक रीत आहे. घराण्यातले वडीलधारे यंगोना नावाच्या मानाच्या पेयाची मुळं घेऊन जातात. बोलणारा एक पुरुष असतो, तो अपराध्याच्या वतीने बोलतो, समोरच्याने मुळांना हात लावला की माफी मिळाली आणि विषय संपला. सेनीमिलीला कुणाला काही सांगण्याची सोय नव्हती. ती शुक्रवारी दुपारी मुळांची जुडी छातीशी धरून एकटीच मानोआकडे गेली. तो पाय उशीवर ठेवून बसला होता. मुळं पाहून त्याने उशी सरकवली आणि ताठ झाला.

"हे काय, एकटीच? तुझ्या बाजूने बोलणारा कुठाय?"

"माझं मीच बोलणार." तिने मुळं त्याच्यापुढे ठेवली. येताना वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं ती विसरली. "मानोआ, त्या शनिवारी मी घरात होते."

बाहेर लोआताच्या कोंबड्या माती उकरत होत्या.

"किटली वाजत होती," मानोआ म्हणाला.

सेनीमिलीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. अठरा वर्षं त्याला माहीत होतं. पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

"मला वाटलं तू मैदा मागायला आलास," ती म्हणाली.

"मैदा."

"पाहुण्यांसाठी ठेवला होता."

"मैद्यासाठी, मिली?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. मग तो आपल्या पायाच्या पट्टीकडे बघत बोलायला लागला. "आणि मी तरी काय दिवे लावले? ओरडायचं होतं. दार फोडायचं होतं. वासिती मरतेय, एवढं ओरडायला कितीसा वेळ लागतो? पण किटली ऐकली आणि म्हटलं, आहे घरात, कंटाळलीय मला. रोज उठून मागतो ना मी. खऱ्या वेळेला मागायला तोंडच उरलं नाही. लाज वाटली मला. बायको मरत होती आणि मला लाज वाटली, मिली."

ती रडायला लागली. तो रडला नाही. त्याने पुढे वाकून मुळांना हात लावला आणि पोकळ हातांनी तीनदा टाळी वाजवली.

"घेतली. संपलं हे इथे. कुणाला सांगू नकोस, आणि रविवारी हार घालून घे. लोकांना आवडेल."

"मानोआ, तुला काही हवंय का रे? पाणी देऊ? उशी नीट करू?"

"काही नको," तो म्हणाला.

रीत पुरी झाली होती, पण फरक काही पडला नव्हता. ती घरी परतली ती पहिल्यापेक्षा जड होऊन. तोवर तिला निदान वाटत होतं की कदाचित त्याला माहीत नसेल.

रविवारी गळ्यात हार पडला. पाद्रीने तिचं वाक्य उपदेशात घातलंच. लोकांनी डोळे पुसले. शेवटच्या रांगेत मानोआ सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. फुलं मानेला ओली लागत होती आणि सेनीमिलीला ती ओरबाडून काढावीशी वाटत होती, पण प्रार्थना संपेपर्यंत काढता येत नाही.

मंगळवारी दुपारी ती घराच्या सावलीत केतकीच्या पानांचे काटे काढत बसली होती, चटईसाठी. काठी टेकत मानोआ आला. ती उठायला लागली तशी त्याने हातानेच बस म्हणून खुणावलं आणि चटईच्या कडेला बसला. दक्षिणेकडून वारा सुटलाय म्हणाला. मासळी दोन दिवस मिळायची नाही म्हणाला. सेनीमिलीच्या हातातलं पान तसंच राहिलं. तो कशासाठी बसलाय हे तिला कळायला लागलं होतं.

"मिली," तो मान खाली घालून म्हणाला, "वाटीभर साखर दे."

ती जवळजवळ धावतच आत गेली. बरणी भरलेली होती. तिने मोठ्यातली मोठी वाटी घेतली आणि ओतायला लागली. त्याने आज डुक्कर मागितलं असतं, होडी मागितली असती, घराचं छप्पर मागितलं असतं, तरी तिने हसत दिलं असतं. साखर ती काय! वाटी काठोकाठ भरली आणि तिच्या डोळ्यांपुढे नर्सबाई आली. त्यामागून तिने स्वतः धुतलेले पाय आले, एकेक करून, काळे पडलेले, बोटं गळालेले. पुढे काय होतं ते गावात तिच्याइतकं कुणी जवळून पाहिलं नव्हतं.

ती वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. ही वाटी बाहेर नेली की अठरा वर्षं संपणार होती. नाही नेली तर? नात्यातला माणूस बसून मागतोय, त्याला नाही कोण म्हणतं? तो उठून जाईल, आणि या वेळी कायमचा. दार असतं तर तिने ते पुन्हा लावून घेतलं असतं.

तिने साखर परत बरणीत ओतली, बाहेर आली आणि रिकाम्या हातांनी त्याच्यासमोर बसली.

"नाही देणार."

"नाही?"

"नाही. साखर आहे, बरणीभर आहे. पण तुला देणार नाही. पाय जाईल तुझा." आयुष्यात पहिल्यांदा तिने मागणाऱ्याला तोंडावर नाही म्हटलं होतं.

मानोआने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते.

"त्या दिवशी दार उघडून एवढंच म्हणायचं होतंस, मिली. नाही देणार, जा. मी म्हटलं असतं, मैदा नको गं, होडी दे."

"हो," ती म्हणाली.

त्याने तिचं सांत्वन केलं नाही. उठलाही नाही. तिच्यापुढचं एक पान ओढून घेतलं आणि नखाने काटे काढायला लागला, वाकडेतिकडे, पुरुष काढतात तसे. चार-पाच पानं झाल्यावर तो म्हणाला, "बिनसाखरेचा चहा तरी देशील, का त्यालाही नाही?"

"देते."

तो चहा त्याने तोंड वेडंवाकडं करत प्यायला, शत्रूलाही असला चहा पाजू नये म्हणाला, आणि कप खाली ठेवून आणखी अर्धा मागितला.